पांगरखेड्याचं जात्यांचं तळं

या तळ्याला जात्यांचं तळं म्हणतात. वैशाखात पाणी ओसरलं की त्या पलीकडच्या कोपऱ्यात गोल दगड वर येतात, कासवांच्या पाठींसारखे. ती दळायची जाती आहेत. गावातलं कोणी त्यांच्यावर पाय देत नाही, धुणं आपटत नाही. तुम्ही उद्या डाळिंबाच्या शेडमध्ये नवं यंत्र सुरू करणार, म्हणून सरपंचबाईंनी तुम्हाला आधी माझ्याकडे पाठवलं. मी गेनू मुळाणे. गावच्या पीठगिरणीत पट्टा चढवण्यात माझी चाळीस वर्षं गेली, आणि ही हकीकत त्याच गिरणीची आहे. बसा. उन्हात नको, इकडे पायरीवर या.

माझ्या आज्याच्या काळातली गोष्ट. तेव्हा गावात गिरणी नव्हती. ज्याच्या घरी लग्नकार्य, आजारपण, बाळंतपण असेल तो दळण बाहेर द्यायचा. नवरा गेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायका ते घ्यायच्या. पायलीमागे ओंजळभर पीठ दळणारणीने ठेवून घ्यायचं असा रिवाज होता. त्यावर त्यांच्या घरची चूल पेटायची. अशा नऊ जणी होत्या असं सांगतात. त्यांतली सगुणाबाई वयाने धाकटी, पण बोलायला पुढे.

रावजी सोनवणे हा गावातला हुशार माणूस. त्याने बैलगाडीवर घालून तेलाचं इंजिन आणलं आणि वेशीजवळ गिरणी उभी केली. खोटं कशाला बोलू, गावच्या बायकांना आनंद झाला. पहाटे उठून हाताला घट्टे पाडणं सुटणार होतं. त्या नऊ जणीसुद्धा हौसेने इंजिन बघायला गेल्या होत्या म्हणे. आठ दिवसांत त्यांच्या दारात दळणाचं एकही टोपलं आलं नाही, तेव्हा त्यांना उमगलं.

सगुणाबाई रावजीकडे गेली. "रावजीभाऊ, उद्यापासून आम्ही काय करायचं?"

रावजी वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, मी आणलं नसतं तर शेजारच्या गावाने आणलं असतं. जग थांबतं का?"

"ते खरं आहे," ती म्हणाली. "पण मी ते विचारलं नाही."

त्याने मान फिरवली आणि तो इंजिनात तेल ओतायला लागला.

दुसऱ्या दिवशी नऊ जणींनी आपापली जाती डोक्यावर घेतली, हळदकुंकू वाहिलं आणि इथे पाण्यात सोडली. आठ जणी रडत घरी गेल्या. सगुणाबाई पायऱ्या उतरून गळाभर पाण्यात उभी राहिली. उत्तर मिळाल्याशिवाय बाहेर येणार नाही, असा तिने पण केला. दिवस मार्गशीर्षाचे, पाणी हाडं गोठवणारं. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. माणसं कामाला लागेनात, आणि वेशीवरून इंजिनाची धडधड पाण्यावर ऐकू येत होती. दळण आणलेल्या बायका टोपली घेऊन परत फिरू लागल्या.

तिसऱ्या दिवशी रावजीची म्हातारी आई, चिंधाबाई, काठी टेकत आली. रावजी चार वर्षांचा असताना त्याचा बाप गेला होता. चिंधाबाईने लोकांची दळणं दळून त्याला वाढवलं होतं. पुढे बरे दिवस आले तसं घरात कोणी ते बोलेनासं झालं. तिने काठी पायरीवर ठेवली आणि ती पाण्यात उतरून सगुणाबाईशेजारी उभी राहिली.

रावजी धावत आला, धोतरासकट पाण्यात शिरला. "आई, बाहेर ये."

"मी कुठे काय विचारलंय? विचारलंय हिने," चिंधाबाई म्हणाली.

रावजी गळाभर पाण्यात उभा राहिला. काठावर सारा गाव. तो आधी आईकडे, मग सगुणाबाईकडे वळला. शेवटी तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही."

"मग हेच काठावर जाऊन गावाला सांगा," सगुणाबाई म्हणाली. "आणि ठाऊक होईपर्यंत इंजिन बंद ठेवा."

इंजिन एकवीस दिवस बंद राहिलं. गाव रोज या पायऱ्यांवर बसायचं आणि नऊ घरांचं काय करायचं ते बोलायचं. चौघींना गिरणीत चाळणीचं, मापाचं काम मिळालं. दोघींना तळ्याकाठची गावठाण जमीन भाजीपाल्याला मिळाली. दोघींसाठी काहीच सुचलं नाही. त्या मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेल्या आणि पुढे त्यांची खबर आली नाही. हे आम्ही लपवत नाही. सगुणाबाईच्या छातीत थंडी भरली होती. एकवीस दिवस पुरे व्हायच्या आधीच ती गेली.

इंजिन पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा चार गड्यांना त्याचा दांडा फिरवता येईना. चिंधाबाईने सगुणाचं नाव घेऊन हात लावला आणि इंजिन धडधडलं, असं सांगतात. मी इंजिनं जवळून पाहिली आहेत, थंडीत तेल घट्ट होतं हे मला ठाऊक आहे. पण ते मी गावात बोलत नाही.

आजही गावात नवं यंत्र आलं की आणणारा या पाण्यात उतरतो आणि ज्याचं काम जाणार तो काठावरून सगुणाबाईचा हा एकच सवाल विचारतो. मळणीयंत्र आलं तेव्हा झालं, ट्रॅक्टर आला तेव्हा झालं. बहुतेकांनी "ठाऊक नाही" हेच सांगितलं, आणि मग गाव पायऱ्यांवर बोलायला बसलं. पतपेढीत संगणक आला तेव्हा मात्र वरच्या साहेबांनी नुसतं पत्र पाठवलं. आम्ही ते काठावर वाचलं. पाण्यात कोणी नव्हतं, मग सवाल कोणाला विचारायचा? दोन कारकून घरी बसले आणि गाव बसलंच नाही. तेव्हापासून मला या तळ्याची काळजी वाटते.

तुमचं यंत्र कॅमेऱ्याने फळ बघतं, डाग ओळखतं, प्रत ठरवतं, असं ऐकतो. हे काम आज अडतीस बायका हाताने करतात. माझी सून कलावती त्यांतलीच, उद्याचा सवाल तिने विचारायचा असं ठरलंय. म्हणते, "मामा, त्यांनी उत्तर दिलं तरी मला भीती वाटते, आणि ठाऊक नाही म्हणाले तरी."

तुमचे मालक परदेशात असतात, हे समजलं. तेव्हा एवढंच सांगा, उद्या पाण्यात कोण उतरणार, मी घरी जाऊन तिला कोणाचं नाव सांगू?