क्लोरूची रिकामी जागा

घास घेतलास? हं, चाव. आता ऐक.

एक होता अणू. त्याचं नाव क्लोरू. इतका बारका, इतका बारका, की मुंगीलाही दिसायचा नाही. त्याच्या बाहेरच्या अंगणात आठ जागा. सात जागांवर सात इलेक्ट्रॉन. फिरायचे गरगर गरगर. आठवी जागा रिकामी.

त्याच्या जुळ्या भावाचंही तसंच. मग दोघं चिकटून राहायचे. एक इलेक्ट्रॉन तुझा, एक माझा. मध्ये ठेवू, दोघांचे! झाली की नाही सोय?

एकदा खिडकीतून ऊन आलं. कट्! जोडी तुटली. भाऊ उडाला भुर्रकन. क्लोरू लागला रडायला. "माझी जागा रिकामी! माझी जागा रिकामी!"

रडून काय होणार? निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

तांब्याच्या तारेत राहायच्या तांबेकाकू.

"काकू, काकू, इलेक्ट्रॉन द्या. माझी जागा भरेल."

काकू म्हणाल्या, "अगं बाई! आणि माझा कमी होईल त्याचं काय? जा, लोखंडेकाकांना सांग मला द्यायला. मग देईन."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

लोखंडाच्या खिळ्यात राहायचे लोखंडेकाका.

"काका, काका, इलेक्ट्रॉन द्या. काकूंना द्या. काकू मला देतील. माझी जागा भरेल."

काका म्हणाले, "छे छे! दिला की मला गंज चढतो. जा, जस्तआजीला सांग मला द्यायला. मग देईन."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

बादलीच्या पत्र्यावर राहायची जस्तआजी.

"आजी, आजी, इलेक्ट्रॉन दे. काकांना दे. काका काकूंना देतील. काकू मला देतील. माझी जागा भरेल."

आजी म्हणाली, "काकांना मी गंजू देते होय? पण माझे आधीच कमी झालेत, बाळा. जा, सोडूमामाला सांग मला द्यायला. मग देईन."

चावतोयस ना? गालात नको ठेवूस.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

रॉकेलच्या बाटलीत राहायचा सोडूमामा. सोडियम त्याचं खरं नाव. त्याला हवा सोसायची नाही, पाणी तर मुळीच नाही. म्हणून बिचारा एकटाच बसायचा, रॉकेलात बुडून.

"मामा, मामा, इलेक्ट्रॉन दे. आजीला दे. आजी काकांना देईल. काका काकूंना देतील. काकू मला देतील. माझी जागा भरेल."

मामा म्हणाला, "एवढंच ना? माझ्या बाहेरच्या अंगणात एकच आहे. नुसता भटकतो. मला मेला सांभाळवत नाही! पण मला विचारतंय कोण? ने बाबा, ने!"

मामानं आजीला दिला. टुप्प!

आजीनं काकांना दिला. टुप्प!

काकांनी काकूंना दिला. टुप्प!

काकूंनी क्लोरूला दिला. टुप्प!

सात आणि एक आठ. गरगर गरगर. भरली बाई जागा!

क्लोरू म्हणाला, "येतो हं मामा." पण जाता येईना. मागे ओढ, मागे ओढ! बाटलीतून मामाही निघाला. सर्रर्र... चट्ट! दोघं चिकटले.

"मामा, सोड ना."

"मी कुठे धरलंय? तूच सोड."

"मी पण नाही धरलं!"

कुणीच धरलं नव्हतं. पण ज्यानं दिला आणि ज्याला मिळाला, ते दोघं सुटेचनात. मामा म्हणाला, "राहू दे रे. कंटाळलो होतो एकटा."

मग काय झालं? मीठ झालं! आपल्या डब्यात आहे ना, तेच. त्यातही असेच मामा आणि क्लोरू, चिकटून चिकटून बसलेत.

भात आळणी लागत होता ना मघाशी? हे बघ, घातलं चिमूटभर. आता कर बघू आ!