जीपचे दिवे

गाड्यांना बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. दसऱ्याचा झेंडूचा हार मिरवत अप्पा खटावकरांची धिप्पाड जीप विजेवरच्या रिक्षाला म्हणाली, "तुझा आवाजसुद्धा येत नाही. तू कसली गं गाडी?" समोरच्याचे डोळे दिपले, तरी या जीपने कधी दिवे खाली केले नव्हते.

संध्याकाळी अप्पांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. तिला न्यायला जीप बोळात शिरली आणि वळणावर दोन भिंतींमध्ये अडकली.

"अरे, ती रिक्षा बोलवा!" अप्पा ओरडले. रिक्षा बोळाच्या दुसऱ्या टोकाने आली आणि सुनेला दवाखान्यात घेऊन गेली.

रात्री उशिरा रिक्षा परतली, तेव्हा जीप तिथेच अडकलेली होती.

"मुलगी झाली," रिक्षा म्हणाली. "तुला फार खरचटलं का गं?"

जीपने पहिल्यांदाच दिवे खाली केले.