रंगाऱ्याचा पखवाज

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या गावाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि आपलं त्यावाचून काही अडतही नाही. नदीकाठी एक गाव होतं आणि गावात एक रंगारी होता, एवढं कळलं तरी पुरे.

रंगारी हाताचा गुणी होता. त्याने रंगवलेलं लुगडं फाटून जाई, पण विटत नसे. दिवसभर नीळ आणि मंजिष्ठ कालवून त्याचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. नवख्या माणसाला वाटे, याने निळ्या बाह्यांची बंडी घातली आहे.

या रंगाऱ्याला एकच नाद होता, पखवाजाचा. तरुणपणी तो देवळातल्या एका म्हाताऱ्या बुवांकडे थोडंबहुत शिकला होता. बुवांनी थाप दिली की देवळाच्या घंटाही नकळत गुणगुणू लागत, असं तो सांगे. बुवा गेले, पण त्यांचा तो नाद याच्या कानात बसला तो बसलाच.

आता पखवाज म्हणजे दोन्ही तोंडांना कातडं मढवलेलं लांबट वाद्य. कातड्याचा स्वभाव असा की ते उन्हात ताणतं आणि ओलीत सैलावतं. रंगाऱ्याचं पोट मात्र उन्हावर. ऊन पडलं की कापडं वाळतात, म्हणून उन्हाच्या दिवशी त्याला मान वर करायला सवड नसे. पाऊस लागला की काम बंद, सवडच सवड. पण तेव्हा पखवाजावर थाप मारावी तर आवाज येई ढप्प, ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा.

तुम्ही म्हणाल, उन्हाळ्यात संध्याकाळी वाजवावा की. तोही तेच म्हणे. तो हातपाय धुऊन बसे, दोन बोल काढी, कान लावून ऐके आणि मान हलवी. कधी बोटं आखडलेली असत, कधी काळी शाई थापलेली उजवी बाजू सुरात जास्त चढलेली असे. "अजून जुळत नाही," म्हणून तो पखवाजाला गवसणी घाली. जुळल्याशिवाय कुणाला ऐकवायचं नाही, असा त्याचा हट्ट होता. त्यामुळे घरात पखवाज आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो कुणीच ऐकलेला नव्हता.

रंगाऱ्याला एकुलती एक लेक होती. तिचं लग्न वैशाखात झालं आणि ती पहिल्या पंचमीला माहेरी आली. झोके झाले, फेर झाले, मैत्रिणींच्या गप्पा झाल्या. दिवस भराभरा संपले आणि उद्या सकाळी तिचा थोरला दीर गाडी घेऊन न्यायला येणार, असा दिवस उजाडला. सासर डोंगरांच्या रांगेपलीकडे होतं. पुन्हा माहेर कधी, हे कुणी सांगावं?

त्या दिवशी झड लागली होती. आभाळ पार खाली उतरलं होतं. रंगाच्या कढया पालथ्या घातल्या होत्या, कापडं वाळवायच्या वळणीवर एक चिंधीसुद्धा नव्हती. घरात चुलीचा धूर आणि तव्यावरच्या दशम्यांचा वास भरला होता. उद्याच्या शिदोरीची तयारी चालली होती.

लेक बापाजवळ येऊन बसली. "बाबा, आज पखवाज वाजवाल?"

"आज? अगं, पाऊस बघ केवढा आहे."

"म्हणूनच म्हणते. एरवी तुम्ही हाताला कुठे लागता? सासरी सगळे विचारतात, तुझे बाबा पखवाज वाजवतात म्हणे, कसा वाजवतात? मी काय सांगायचं? मी दाराशी आले की तुमचा हात थांबतो."

रंगाऱ्याने उठून खुंटीवरचा पखवाज काढला. "बस इथेच. आज वाजवतोच. जरा सुरात आणू दे."

लेक खांबाला टेकून बसली. रंगाऱ्याने एक थाप दिली. ढप्प.

मग काय विचारता? त्याने शेगडी पेटवली, निखारे फुलवले आणि पखवाजाचं उजवं तोंड त्यांच्यासमोर धरलं. हातोडी घेऊन कातडं ताणणाऱ्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकले. पुन्हा थाप दिली. आता आवाज आला टप्प. तो जरा बरा होता, पण बुवांचा नव्हता. पुन्हा शेक, पुन्हा ठोक. कोरडा पंचा घेऊन त्याने कातडं पुसलं. डाव्या तोंडाचा आवाज घुमावा यासाठी त्यावर लावायला कणीक हवी म्हणून त्याने बायकोला हाक मारली.

बायको परात घेऊन आली. "अहो, ही दशम्यांची कणीक आहे, दुधात मळलेली. लेकीच्या शिदोरीला लागायची की तुमच्या ढोलकीला?"

"ढोलकी नव्हे, पखवाज."

"वाजेपर्यंत मला सगळं सारखंच," म्हणून तिने कणकेचा गोळा त्याच्या हातावर ठेवला आणि ती हसत आत गेली.

दुपार झाली. लेकीच्या शेंगा सोलून झाल्या, दोरा ओवून झाला. "बाबा, आत्ता चांगला लागला होता की," असं ती मधूनच म्हणे. "तुला काय कळतंय?" असं तो म्हणे आणि हातोडी उचली. शेवटी खांबाला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला.

तेवढ्यात उंबऱ्यावर एक बेडूक येऊन बसला. त्या काळी बेडूक बोलत असत आणि माणसं ऐकत असत. यातलं आधी काय बंद पडलं, ते मला माहीत नाही.

"रंगारीदादा," बेडूक म्हणाला, "सकाळपासून ठोकाठोकी ऐकतोय. चाललंय तरी काय?"

"कातडं ओलावलंय. वाळल्याशिवाय त्यातून नाद निघत नाही."

बेडकाने मान वळवून स्वतःच्या पाठीकडे, मग पोटाकडे पाहिलं. "असं म्हणता? माझं कातडं तर जन्मापासून कधी वाळलंच नाही. तरी मी गातो, आणि सगळं तळं जागं राहून ऐकतं."

"ऐकतं कसलं? तुझ्यापायी झोप येत नाही म्हणून जागं राहतं."

"कारण काही का असेना," बेडूक शांतपणे म्हणाला. "तुमच्याजवळ तर ऐकणारी आपणहून येऊन बसली होती. ती झोपली."

रंगारी चिडला. "चल, नीघ इथून." त्याने पंचा झटकला. बेडूक टुणकन उडी मारून अंगणातल्या पाण्यात गेला आणि तिथून आपलं गाणं म्हणू लागला. खरं सांगायचं तर तो बेसूरच गात होता. पण मजेत गात होता.

रंगाऱ्याला आणखीच ईर्ष्या चढली. त्याने निखाऱ्यांवर आणखी कोळसे घातले, पखवाज अगदी जवळ धरला आणि गठ्ठ्यावर हातोडी घातली. एक शेवटचा ठोका दिला की झालं, असं त्याला वाटलं. तो ठोका बसला आणि कातडं टर्रकन फाटलं, शाईपासून थेट काठापर्यंत.

लेक दचकून जागी झाली. बायको लाटणं हातात घेऊन धावत आली. रंगारी फाटक्या पखवाजाकडे बघत बसला. गावात दुसरी पुडी, म्हणजे तोंडावर मढवायचं तयार कातडं, मिळायची नव्हती, आणि बाहेर उजेड उतरणीला लागला होता. पन्नाशीच्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी," तो म्हणाला, "आता कायमचंच राहिलं बघ."

लेक पुढे आली. तिने पखवाज फिरवून पाहिला. "डावं तोंड तर धड आहे. कणीकसुद्धा लावलेली आहे."

"एका तोंडाने पखवाज वाजतो का कुठे?"

"वाजेल तेवढा वाजवा. मला तरी कुठे दोन्ही तोंडांचा माहीत आहे?"

रंगाऱ्याने डाव्या तोंडावर हात ठेवला. हळूच थाप दिली. धूम्म, असा घुमारा उठला. तो ओलसर होता, जड होता, पण पोटात शिरणारा होता. उजव्या हाताला काहीच नव्हतं म्हणून त्याने एक पालथी कढई जवळ ओढली आणि तिच्यावर बोटं चालवली. कढई खणखणली. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्याची मान आपोआप डोलू लागली.

बायकोने लाटण्याने परातीवर ठेका धरला. लेक पंचमीचं गाणं म्हणू लागली, मधला एक शब्द विसरली, खुदकन हसली आणि पुढे म्हणत राहिली. पावसातून जाणारी शेजारीण ओसरीवर टेकली ती हललीच नाही. कुठे बोल चुकत होता, कुठे कढई भलतीच वाजत होती. बुवांच्या देवळातली घंटा हे ऐकून गुणगुणली नसती. पण त्या घरात इतका आनंद कधीच झाला नव्हता, आणि रंगाऱ्याला तर वाटलं की आपण आज पहिल्यांदाच पखवाज वाजवला.

जरा कुठे रंग भरू लागला, तोच दिवेलागण झाली. शेगडी विझली होती. शिदोरी अजून बांधायची होती, पेटी भरायची होती, भल्या पहाटे उठायचं होतं. आई उठली, तशी लेकही उठली. रंगाऱ्याचे हात मात्र अजून थांबायला तयार नव्हते.

सकाळी पाऊस उघडला. दीर गाडी घेऊन आला. लेकीने आईबापांना वाकून नमस्कार केला. रंगाऱ्याने तिच्या डोक्यावर निळा हात ठेवला. तो म्हणाला, "पुढच्या वेळी नवी पुडी घालून ठेवतो. मग ऐक."

लेक गाडीत बसली. तिने डोळे पुसले आणि ती हसली. "बाबा, कालचा छान होता. असाच वाजवायचा होता, तर मी लहान होते तेव्हाही वाजवता आला असता की."

ती रागाने बोलली नव्हती. तिला जे वाटलं ते तिने साधेपणाने सांगितलं. गाडी वळणाआड गेली तरी रंगारी फाटकाशीच उभा होता. वळणीवर दिवसभर पुरेल एवढं ऊन पडलं होतं, कापडांचे गठ्ठे ओसरीवर वाट बघत होते. तो आत गेला, त्याने तोच एका तोंडाचा पखवाज आणि कढई बाहेर आणली आणि भर सकाळी, ओसरीत बसून, सगळं गाव ऐकेल असा वाजवू लागला.

तर लहानथोर मंडळी, यातून घ्यायचं ते एवढंच: सगळं जुळून येण्याची वाट पाहू नये, कारण तोवर ऐकणारं माणूस निघून जातं.