सिंहासनात रबर किती?

कडाड! महाराज वज्रसेन नव्या सिंहासनावर बसले आणि थेट जमिनीवर आले.

दसऱ्याला नव्या सिंहासनावर तीनदा धपकन बसायचं, ही त्या घराण्याची रीत. यंदाचं सिंहासन होतं नायलॉनचं, चकचकीत आणि टणक. महाराजांचं वजन मात्र ही रीत पाडणाऱ्या पणजोबांच्या दुप्पट! पहिल्याच धपक्याला सिंहासनाचा पाय तुटला, आणि ते ओतणारा धोंडू ओतारी कोठडीत गेला.

धोंडूची लेक ठकू तडक दरबारात आली.

"सरकार, बाबाला सोडा. मी न मोडणारं सिंहासन ओतते!"

"आठ दिवसांत ओत! आणि हुबेहूब माझ्यासारखं कडक हवं. नाहीतर तूही बापाशेजारी!"

"हुबेहूब सरकारांसारखं? बघा हं, शब्द फिरवायचा नाही!"

"वज्रसेन शब्द फिरवत नसतो!"

ठकूने तुटका पाय निरखला. नुसता टणकपणा, म्हणून तडकला. तिने चार शेर नायलॉनमागे एक शेर रबर मिसळलं. पण दोघांचं काही जमेना, रबर सुटून यायला लागलं. मग तिने दोघांनाही धरून ठेवणारं एक रसायन घातलं आणि पुन्हा ओतलं. हातोडा हाणला, तर हातोडाच उडाला!

आठव्या दिवशी महाराज बसले. धप! धप! धप! सिंहासन शाबूत!

"फसवणूक!" दिवाणजी ओरडले. "हिने यात रबर घातलंय. मी भट्टीपाशी डोकावून पाहिलंय!"

महाराज लालबुंद झाले. "कडक सांगितलं होतं ना? मग हे रबर कशाला?"

"हुबेहूब सांगितलं होतं, सरकार! म्हणून आधी मुदपाकखान्यात चौकशी केली. कळलं, सरकार दिवसभर कडक; पण राणीसाहेबांनी नुसतं 'अहो!' म्हटलं की..."

"की काय?" पडद्याआडून राणीसाहेबांनी विचारलं.

"की लगेच वाकतात. मोडत मात्र नाहीत! तेवढंच रबर घातलंय. सरकारांत तसं काही नसेल, तर राणीसाहेबांच्या देखत सांगावं. हे मोडीत काढून नुसत्या नायलॉनचं ओतते!"

महाराजांनी पडद्याकडे पाहिलं. आत बांगड्या वाजल्या. महाराज एकदम पोट धरून हसत सुटले.

"राहू दे, पोरी, राहू दे! खरं सांगू? मापात थोडं कमीच पडलंय!"

धोंडूला तिथल्या तिथे सोडलं, वर जरीचं पागोटं दिलं. दिवाणजींना भट्टीत डोकावायची फार हौस, म्हणून वर्षभर ठकूचा भाता ओढायचं काम!

"अहो!" पडद्याआडून हाक आली. "आणि पोरीला काय, नुसती शाबासकी?"

महाराजांनी मुकाट्याने हातातलं सोन्याचं कडं काढलं.