रुमालाची माया

घरोघरी गाण्याच्या पेट्यांनाही झाकून ठेवायची पद्धत होती, तेव्हाची ही गोष्ट. कालिंदीबाईंनी नव्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी जाड सुताचा क्रोशाचा रुमाल विणला. रुमाल त्याला धाकट्या भावासारखं जपू लागला.

गाणी लागली की अ‍ॅम्प्लिफायर कळवळायचा, "दादा, पाठ भाजतेय. वरच्या भोकांवरून जरा सरका ना."

"आणि धूळ गेली आत, म्हणजे?" रुमाल दचकून आणखी घट्ट बसायचा. "नाजूक आहेस तू. तुला नाही कळत."

"भाजतंय मला, आणि कळत नाही तेही मलाच!"

कोपऱ्यातला स्पीकर खेकसला, "अहो रुमालराव, तो मध्येच बंद पडतो, निवला की पुन्हा लागतो. लक्षण बरं नाही हे."

"दमतो रे तो," रुमाल म्हणाला.

पुढे अ‍ॅम्प्लिफायरने तक्रार करणंच सोडलं. रुमालाला वाटलं, चला, रुळला एकदाचा.

एका रविवारी जळका वास आला आणि आवाज गेला तो गेलाच. दुरुस्तीला बोलावलेल्या कारागिराने पेटी उघडली. "वहिनी, आत धुळीचा कण नाही. पण वारा खेळायला वाटच नव्हती, सगळं करपलंय."

धुळीचा कण नाही. एवढंच ऐकायला रुमाल इतके दिवस आसुसला होता.

महिन्याभराने नवा अ‍ॅम्प्लिफायर आला. कालिंदीबाईंनी सवयीने रुमाल त्याच्यावर पसरला, तो घसरून खाली पडला. पुन्हा पसरला, पुन्हा पडला.

"दादा, बसा की वर," नवा म्हणाला. "छान दिसता."

"नको रे बाळा," रुमाल जमिनीवरून म्हणाला, "मी इथूनच बघतो तुला."