अक्षरं न धरणारा दगड

एक होता राजा. नाव त्याचं चंडकेतू. चाळीस वर्षं त्यानं राज्य केलं. मग म्हातारा झाला आणि देवाघरी गेला. त्याची लेक मृगावती गादीवर बसली.

तिची बापावर फार माया. तिनं धोंडाई पाथरवटणीला बोलावलं. म्हणाली, “वेशीवरच्या काळ्या दगडावर माझ्या बाबांबद्दल कोर. येणाजाणाऱ्यानं वाचलं पाहिजे.”

धोंडाईनं कोरलं, ‘राजा देव होता.’ छिन्नी खाली ठेवते न ठेवते, तोच अक्षरं पिकल्या जांभळांसारखी टपाटप गळली! कशी गळली ते मला विचारू नका. गळली खरी.

गर्दीतून कुणी ओरडलं, “देव कसला, राक्षस होता!” धोंडाईनं तेही कोरून पाहिलं. तेही गळलं. मग जी भांडणं लागली! पागोटी उडाली, बरं का!

राणी चिडली. पण दगडाला काय शिक्षा करणार? मग ती स्वतःच पायी निघाली लोकांना विचारायला.

विहिरीवर भेटली ठकू. म्हणाली, “माझी आई इथं ओंजळ पसरून उभी राहायची. कुणी वरून पाणी ओतलं तरच प्यायची. राजानं हुकूम काढला, विहीर सगळ्यांची. मला तर तो देवच.”

तळ्याकाठी भेटला बहिरू. म्हणाला, “राजानं बांधलेल्या या तळ्यावर तीस गावांचा भात पिकतो, खरंय. पण तळाशी माझं गाव आहे, बाईसाहेब. त्यानं विचारलंसुद्धा नाही. हत्ती आणले नि घरं पाडली.”

मग देवळापाशी भेटली गाणारी चंद्रा. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “माझ्या भावानं राजावर थट्टेचं गाणं रचलं. सात वर्षं झाली, किल्ल्यावर कोठडीत आहे.”

“अजून?”

“अजून.”

राणीला बाबा आठवले. खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारे आपले बाबा, त्यांनी हे केलं? तिला रडूच आलं. मग डोळे पुसून ती तडक किल्ल्यावर गेली आणि आपल्या हातानं कुलूप काढलं.

“काय गाणं होतं रे?” तिनं विचारलं. तो भीत भीत म्हणाला,

“राजा आमचा फार महान,
शिंक आली तरी फर्मान!”

राणीला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की उचकी लागली. “अगदी असेच होते बाबा!”

मग बहिरूच्या गावकऱ्यांना तळ्याकाठी चांगली जमीन मिळाली. आणि धोंडाईनं पुन्हा कोरलं, ‘यानं विहीर खुली केली. यानं तळं बांधलं, गाव बुडवलं. यानं गाणाऱ्याला कोंडलं.’ एक अक्षर हललं नाही.

तरी लोक दगडाखाली वाद घालतच राहिले. कुणी म्हणे विहीर मोठी, कुणी म्हणे गाव मोठं. प्रधान म्हणाला, “शिपाई पाठवू?”

राणी म्हणाली, “कशाला? भुका लागल्या की जातील घरी.”

आणि खरंच गेले. पोटभर जेवले, सुखानं झोपले, दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला आले. कोठडीत मात्र कुणी गेलं नाही.

चला, आता गोधडीची ओढाओढ पुरे. मिटा डोळे.