वेशीत थिजलेला वसंत

एका राज्यात साळुंक्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची नाहीत. तिथं राजकन्या होती लवंगी. नावासारखीच तिखट.

परसातल्या पेरूवरून साळुंकी म्हणाली, "लवंगे, गाडग्यांची फडकी बदलून दाखव. नाहीतर तू कसली लवंगी? भोपळी मिरची!"

"मला भोपळी म्हणतेस? बघच आता!"

झालं. पैज लागली.

त्या राज्यात बियाणं शेणराखेच्या गोळ्यांत वळून गाडग्यांत ठेवायचे. सगळ्या गोळ्या सारख्याच. ओळख काय ती तोंडाला बांधलेल्या फडक्याची. हिरवं दुधीचं, लाल मिरचीचं. चैत्र लागला की लवंगीची आई, राणी सोनवंती, रांगोळीनं वाफे आखायची, एकेक गोळी कानाशी धरून तिचं नाव सांगायची, मग पेरायची. मगच वसंत वेशीतून आत यायचा. आणि बियाण्याशी खोटं बोलेल त्याचं लाकूड व्हायचं. लवंगीला वाटायचं, म्हाताऱ्यांच्या बाता!

तिनं लाल-हिरव्याची अदलाबदल केली आणि हसू दाबत पेरूमागं दडली.

राणीनं पहिली गोळी उचलली. "तू दुधी. मांडवावर चढ." गोळी मातीत गेली आणि राणीचे पाय घोट्यापर्यंत सागवान झाले.

लवंगीचं हसू पळालं. दासी किंचाळल्या. राजा धावत आला, त्याचा मुकुट वाफ्यात पडला, तो उचलायचंही त्याला सुचेना. तिकडं वसंत वेशीत एक पाय आत टाकून तसाच थिजला. खांद्यावरचा कोकीळ आ वासून गप्प.

मांत्रिक धुरकेश म्हणाला, "राक्षसाच्या विहिरीचं पाणी, नागाच्या वारुळाची माती, आग्या डोंगरावरचं मूठभर ऊन. कोण आणेल?"

"मी!" लवंगी ओरडली. खरं काय ते एक वाक्य बोलण्यापेक्षा राक्षस परवडला.

राक्षस झोपला होता, तिनं पाणी आणलं. राणी गुडघ्यापर्यंत लाकूड. नागाला दूध पाजून माती आणली. राणी कमरेपर्यंत. ऊन आणताना तळहात भाजले, वेणी करपली. तोवर राणीच्या गळ्यावर साल चढली होती.

"पोरी," राणी कशीबशी म्हणाली, "हात बघू तुझे. फार भाजले का गं?"

लवंगीला हुंदका फुटला.

साळुंकी हळूच म्हणाली, "पाणी झालं, माती झाली, ऊन झालं. बियाण्याला खरं नाव कोण सांगणार?"

लवंगी परसात जमलेल्या दरबारासमोर वाफ्यात गुडघे टेकून बसली. "आईसाहेब, फडकी मी बदलली. आणि तू गं, मातीतली, तू दुधी नाहीस. तू मिरची आहेस. खोटं आईचं नाही, माझं आहे."

राजानं कपाळावर हात मारला. मिरचीला अंकुर फुटला. राणीची साल टपाटपा गळाली, वसंतानं दुसरा पाय आत घेतला, आणि कोकिळानं अडलेली तान पुरी केली.

"भोपळी नाहीस गं तू," साळुंकी म्हणाली.

राणीनं आधी लेकीच्या तळहातांना लोणी लावलं, मग कान पिळला.

पुढं दुधीचा मांडव भरला. राजानं दुधीची पहिली फोड तोंडात टाकली आणि घागरीकडं धूम ठोकली. "पाणी! अरे, या दुधीला मिरचीचं नाव कुणी सांगितलं?"

या खेपेला लवंगीनं लगेच हात वर केला. "मीच, बाबासाहेब. 'तुझ्या शेजारी मिरची आहे' एवढंच दुधीला म्हटलं, खोटं नाही. आत्ता सांगून टाकते."